तिसऱ्यांदा कडं वाजण्याआधी

१

शनिवारी संध्याकाळी सहाचे ठोके पडले की इम्रींच्या घरातलं काम थांबायचं. तोवर उद्याचे बटाटे सोलून पाण्यात पडलेले असायचे, बुटांना पॉलिश झालेलं असायचं, मटण शिजून गार व्हायला ठेवलेलं असायचं. रविवारी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरल्या इन्व्हरडोव्हन गावात चूल पेटायची ती फक्त ऊब मिळावी म्हणून. शिवणाची सुई, पत्त्यांचा जोड, गोष्टींची पुस्तकं, सगळं जिन्याखालच्या भिंतीतल्या कपाटात जायचं आणि कपाटाला कुलूप लागायचं. वडील या गावचे पाद्री होते. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, पण त्यांचा रविवार काही गेला नव्हता.

त्या हिवाळ्यात कपाटात आणखी एक वस्तू जायला लागली. लॅक्लनची पाटी.

लॅक्लन इम्री म्हणजे बेथियाचा धाकटा भाऊ. चाच्यांच्या, तस्करांच्या, पडक्या गढ्यांतल्या भुतांच्या कादंबऱ्या लिहिणारा. पार लंडनपर्यंत लोक त्याच्या कादंबरीची प्रकरणं छापणाऱ्या साप्ताहिकाची वाट बघत. वडिलांना त्याचं लिहिणं कधी आवडलं नाही, पण त्यांच्या उशीखाली त्याचं पहिलं पुस्तक सापडलं होतं, हे बेथियानं त्याला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ऑक्टोबरात जेवता जेवता लॅक्लन हसला आणि रुमाल लाल झाला. डॉक्टर पिटकेर्न आले, छातीला कान लावून बसले आणि जिन्यात येऊन बेथियाला म्हणाले, "मिस इम्री, ईस्टरपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबूजसुद्धा नाही. एकदा जरी मोठ्यानं ओरडला ना, तर पुढं माझ्या हातात काही नाही."

"आणि लिहिणं?"

"शाईदौत घेऊन तासन् तास वाकून बसणं बंद. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मग बेथियानं माळ्यावरून पाटी काढली. दोघांच्या शाळेतली, एक कोपरा उडालेली. लॅक्लन उशीला टेकून पाटीवर लिहायचा, बेथिया ते कागदावर उतरवून घ्यायची, ओल्या फडक्यानं पाटी पुसायची आणि परत द्यायची. पाटी भरली, उतरवली, पुसली. दिवसाला वीस-वीस वेळा. त्याची बोटं पेन्सिलीच्या भुकटीनं राखाडी होऊन जायची. बोलणंही त्याच पाटीवर. "लापशीत मीठ कमी आहे" आणि "तांडेलानं सुरा उपसला" हे एकाखाली एक. टोशॅकबाई, म्हणजे वीस वर्षं या घरात स्वयंपाक करणारी विधवा, दारातून वाचायची आणि म्हणायची, "यातलं माझ्यासाठी कुठलं, मिस बेथिया? मीठ मी आणते. सुरा तुम्ही बघा."

शनिवारी सहाला बेथिया पाटी दोन्ही बाजूंनी धुवायची, कपाटात ठेवायची आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावायची.

डिसेंबरातल्या एका सोमवारी तिनं कपाट उघडलं, तर पाटी भरलेली होती.

२

घाईघाईत पुसायची राहिली असेल, असं तिला वाटलं. अक्षर लॅक्लनचंच होतं, शब्दाची शेपटी लांबवणारं. तिनं उभ्या उभ्याच उतरवून घेतलं.

"एक माणूस खाडीच्या पलीकडे उभा होता. पाऊस नव्हता, तरी त्याच्या कोटातून पाणी ठिबकत होतं. नावाड्याला त्यानं विचारलं, ज्या घरातला माणूस बोलत नाही ते घर कुठलं?"

मंगळवारच्या टपालानं प्रकरण एडिंबराला गेलं. छापून आलं तेव्हा लॅक्लननं त्या ओळींवर बोट ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "हे कुणाचं?"

"तुझंच. पाटीवर होतं की."

"माझ्या गोष्टीत असा माणूस नाही."

"अरे, तापात लिहिलं असशील."

त्यानं परत वाचलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते बेथियाला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. त्याला ते आवडलं होतं. मनापासून आवडलं होतं. त्यानं लिहिलं, "कुणाचं का असेना. चांगलं आहे. राहू दे."

लेखकांचं हे असंच असतं बाई. घरात चोर शिरला तरी तो कसा चालतो ते आधी बघतील.

पुढच्या सोमवारी पाटी परत भरलेली. या वेळी मात्र बेथियाला शनिवार लख्ख आठवत होता. गरम पाणी घेतलं होतं, दोनदा पुसली होती, हाताला फडक्याचा वास येत होता. किल्ली तिच्याकडेच होती. तो ओला माणूस नावेतून अलीकडे आला होता आणि जाळी वाळत घालतात त्या गवतावरून चालत होता. जाळी बाजूला न करता चालत होता, असं लिहिलं होतं.

"झोपेत चालत असेल," डॉक्टर पिटकेर्न म्हणाले. "आजारात होतं असं. किल्ली नीट ठेवा." मग टोपी घालता घालता दारात थबकून म्हणाले, "बाकी तो ओला माणूस कोण हो? आमच्या घरी बायको वाचत बसते आणि सूप करपतं."

तिसऱ्या शनिवारी बेथियानं जिन्याच्या पायऱ्यांवर ओटचं पीठ भुरभुरवलं. रविवारी सबंध दिवस ती आणि टोशॅकबाई भिंतीला चिकटून वर-खाली करत होत्या. पिठावर एक ठसा उमटला नाही. सोमवारी पाटी भरलेली होती.

३

तेव्हा तिला भीती वाटायला लागली. खरीखुरी.

कारण तो माणूस आता त्यांच्या घरासमोरच्या चर्चच्या बोळात होता. बोळाच्या टोकाशी रोवनच्या झाडाचा बुंधा आहे, असं लिहिलं होतं, आणि बुंध्यावर कुऱ्हाडीचे सात घाव. ते झाड वडिलांनी स्वतः तोडलं होतं. घराला नजर लागू नये म्हणून लोक त्याच्या फांद्या दाराला बांधायला नेत, ते त्यांना खपत नसे. सात घाव बेथियानं मोजले होते, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिचं बोट धरून शेजारी उभा असलेला लॅक्लन पाच वर्षांचा होता, आणि त्याला तेव्हा चारच्या पुढे मोजता येत नव्हतं.

"तुला घाव माहीत होते?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी होती. लॅक्लन सुधारत होता. आठवडाभर तो आता फारसं लिहीत नसे. तांडेल, खजिना, सुरे, सगळं मागं पडलं होतं. तो फक्त सोमवारची वाट बघायचा. विश्रांतीनं गालावर रंग आला होता. बोटं स्वच्छ झाली होती. डॉक्टर खूष होते. "काय करताय ते चालू ठेवा, मिस इम्री," ते म्हणाले. आता यांना काय सांगणार? याला बरं वाटतंय ते नको, असं?

त्याला इथून हलवावं, हे तिनं सुचवून पाहिलं. मावशीकडे पर्थला. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समुद्रावरून वारा कापत येत होता. "या थंडीत? स्टेशनापर्यंतसुद्धा पोचायचा नाही."

मग चौथ्या सोमवारी तिनं पाटी वाचली नाही. कपाट उघडलं, डोळे मिटले आणि ओलं फडकं घेऊन घसाघसा पुसून टाकली. वर जाऊन भावाला म्हणाली, "आज काही नव्हतं."

लॅक्लनचा चेहरा पडला. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि बेथियाला स्वतःची लाज वाटली.

पाचव्या सोमवारी पाटीवर बारीक अक्षर होतं. जागा पुरावी म्हणून बारीक. वरच्या अर्ध्यात आदल्या आठवड्याचं पुसलेलं, खालच्या अर्ध्यात नवं. तिनं पुसलेलंच ते होतं हे तिला कसं कळलं? पहिलीच ओळ होती, "तिनं डोळे मिटले, म्हणून तो फाटकाशी थांबला."

आणि शेवटची ओळ होती, "आता दार."

४

इथं त्या दाराचं सांगायला हवं.

इम्रींच्या पुढच्या दाराला ठोकायला काही नव्हतं. जुनं घर. चौकटीवर पिळाची लोखंडी सळई उभी ठोकलेली आणि तिच्यात एक कडं. आलेल्या माणसानं कडं वर-खाली ओढायचं, की सळईच्या पिळावर खर्रर्र असा आवाज सगळ्या घरभर जायचा. वडिलांचा नियम होता की कडं तिसऱ्यांदा वाजायच्या आत घरातून कुणीतरी "या, आत या!" म्हटलंच पाहिजे. पाद्र्याचं घर आहे, आलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही, मग तो कुणी का असेना. हाक गेली नाही तर पोरांना रात्रीची लापशी नाही. मुलांनी त्याचाच खेळ केला होता. कडं वाजलं की दोघं जिथं असतील तिथून ओरडायची, आणि जो आधी ओरडेल तो वर "मी पहिला!" असं जोडायचा. बेथिया मोठी. नेहमी तीच पहिली. लॅक्लन रडायचा.

वडील गेले, लोक मागच्या दारानं यायला लागले. समुद्राच्या हवेनं कडं सळईला गंजून बसलं होतं. आठ वर्षांत ते हललं नव्हतं.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बेथिया भावाच्या पलंगाशी बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. पीठ, घाव, पुसणं, फाटक, दार. सांगता सांगता तिला रडू आलं. ती रडणारी बाई नव्हती.

लॅक्लननं ऐकून घेतलं. मग लिहिलं, "मग मला शेवट कळेल."

"शेवट गेला खड्ड्यात! लॅक्लन, मला तू हवा आहेस."

त्यानं तिच्याकडे बघितलं. पुसून परत लिहिलं, "बेथी, मला स्वतःला एकही शेवट सुचलेला नाही. तीन महिने. मी घाबरलोय."

तिनं त्याचा हात धरला. हात गरम होता, जिवंत होता. ती म्हणाली, "एकच कर. काहीही झालं, घराला आग लागली, मी जिन्यावरून पडले, तरी तोंड उघडायचं नाही. वचन दे मला."

त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं, "तोंड उघडणार नाही." खाली सही केली, पुस्तकावर करतो तशी, लांब शेपटीची. आणि तिला डोळा मारला.

टोशॅकबाई चहा घेऊन आली. पाटी बघून म्हणाली, "बघा हं, मिस्टर लॅक्लन. बाईच्या जातीला असं वचन कुणी देत नाही. फ्रेम करून लावा हे, मिस बेथिया."

लावायलाच हवी होती. निदान उशाशी तरी ठेवायची. पण खाली घड्याळात सहा वाजत होते, आणि शनिवार होता. तीस वर्षांची हाताची सवय. बेथियानं पाटी खाली नेली, गरम पाण्यानं दोन्ही बाजू धुतल्या आणि कपाटाला कुलूप लावलं. वचन पुसून टाकलं हे तिच्या ध्यानात आलं ते अंथरुणात पडल्यावर. वेडी आहेस, ती स्वतःला म्हणाली, पाटी पुसली म्हणून काय वचन पुसतं?

५

रविवारी ऊन पडलं होतं. स्वच्छ, पांढरं, बिनउबेचं ऊन. सकाळी साडेदहाला पहिली घंटा झाली आणि टोशॅकबाई काळी टोपी बांधून निघाली. "मटण झाकून ठेवलंय. भाषण लांबलं तर माझी वाट बघू नका. नवीन पाद्र्याला दम फार आहे."

बेथियानं तिच्यामागं मागच्या दाराची कडी घातली. पुढच्या दाराचे दोन्ही अडसर सरकवलेले होतेच. तरी तिनं हात लावून पाहिले. वर डोकावली. लॅक्लन जागा होता, बायबल छातीवर उघडं. त्यानं दोन बोटं वर केली. ठीक आहे. ती खाली येऊन दिवाणखान्यात बसली. पडदे अर्धे ओढलेले. गावातली सगळी माणसं चर्चमध्ये गेली होती आणि बोळात चिटपाखरू नव्हतं. घड्याळ तेवढं चालू होतं.

अकरा वाजून गेल्यावर तिला आवाज आला. बारीक. पाटीवर पेन्सिल ओढल्याचा.

आवाज जिन्याखालून येत होता. कुलूपबंद कपाटातून.

ती उठली. किल्ली हातात घेतली. उघडावं, पाटी बाहेर काढावी, दगडावर आपटून तुकडे करावेत. पण रविवार होता. या घरात रविवारी ते कपाट कधी, कधीच उघडलं गेलं नव्हतं. हसाल तुम्ही. आत काहीतरी लिहीत होतं आणि ही बाई बाहेर उभी राहून वडील काय म्हणतील याचा विचार करत होती. तिनं तेवढा वेळ घालवला. मग किल्ली फिरवली.

पाटीवर पेन्सिल नव्हती. एवढंच लिहिलेलं होतं, "तो दाराशी आहे. आता कोण म्हणेल?"

पेन्सिलीचा आवाज थांबला होता. पण दुसरा आवाज चालू झाला, आणि तो कपाटातून नव्हता.

खर्रर्र.

आठ वर्षांचा गंज सुटत असल्यासारखा, ओढून ओढून. सगळ्या घरभर गेला.

बेथियाच्या घशात हाक आलीच होती. जन्माची सवय. "या" हा शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, एप्रनचा पदर. म्हणायचं नाही. मी बोलावलं नाही तर कुणी आत येऊ शकत नाही. अडसर आहेत. वारा असेल. खट्याळ पोरं असतील. पोरं चर्चमध्ये आहेत. वारा नाही.

दाराच्या बाजूला हातभर उंचीची काचेची पट्टी होती, जाड, हिरवट. तिच्यातून बाहेरचं ऊन दिसत होतं. उन्हात एक बाही. बाहीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं, पायरीवर, संथपणे. बाहीतून आलेला हात कड्यावर होता. बोटं पेन्सिलीच्या भुकटीनं राखाडी.

खर्रर्र.

दुसऱ्यांदा. ती हलली नाही. दात एप्रनमध्ये रुतले. जाईल, ती मनात म्हणत होती, कुणी उत्तर दिलं नाही की माणसं जातात. फक्त गप्प राहायचं. मी गप्प आहे. मी गप्प आहे, लॅक्लन.

आणि तेव्हा तिला कळलं, की वर तोही ऐकतोय.

तो ऐकतोय की कडं दोनदा वाजलं आणि बेथी उत्तर देत नाहीये. बेथी, जी नेहमी पहिली असते. तिसऱ्यांदा वाजायच्या आत या घरातून कुणीतरी म्हटलंच पाहिजे. तिनं तोंडातला बोळा उपसून काढला, हाक मारायला श्वास घेतला, पण जीभ कोरडी ठणठणीत झाली होती. नुसती हवा आली.

वरून आवाज आला. तीन महिने न ऐकलेला, तिच्या भावाचा आवाज, भरघोस, खणखणीत, खेळात जिंकलेल्या पोराचा.

"या, आत या! मी पहिला!"

६

ती जिना कशी चढली ते तिला कधी आठवलं नाही. लॅक्लन उशीवर अर्धा उठून बसलेला होता. पांढरा सदरा, पांढरी चादर, सगळं लाल. डोळे दाराकडे नव्हते. पलंगाशेजारच्या खुर्चीकडे होते. ती खुर्ची बेथियानं सकाळी खिडकीशी ठेवली होती. आता पलंगाला लागून होती, आणि तिची गादी ओली होती. लॅक्लन खुर्चीकडे बघत होता तो घाबरलेला नव्हता. एखादी गोष्ट ऐकतोय आणि पुढं काय झालं ते विचारणार आहे, असा चेहरा. मग तो चेहराही राहिला नाही.

टोशॅकबाई चर्चमधून आली तेव्हा पुढच्या दाराचे अडसर सरकवलेलेच होते. बेथियानं तिला ओढत ओढत बाहेर नेऊन कडं दाखवलं. टोशॅकबाईनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, मग डॉक्टरांनी. कडं गंजून सळईला घट्ट बसलेलं होतं. तसूभर हललं नाही. पायरी कोरडी होती.

"तापात त्याला भास झाला," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही काहीच करू शकला नसता, मिस इम्री."

मी एक शब्द बोलू शकले असते, हे बेथियानं कुणालाच सांगितलं नाही. सोमवारी तिनं कपाट उघडलं. पाटी कोरी होती, आणि त्यानंतर प्रत्येक सोमवारी कोरीच निघाली. कादंबरी अर्धी राहिली. शेवट काय होता, असं विचारणारी पत्रं वर्षभर येत होती.

ती अजून त्याच घरात आहे. टोशॅकबाई आता म्हातारी झाली आहे आणि तिला सवयही झाली आहे. मासे घेऊन कोळीण येते, टपालवाला येतो, फाटक वाजतं, कधी नुसता वारा दाराला घासून जातो. पण कुणाचा हात दाराला लागायच्या आतच बेथिया घरात जिथं असेल तिथून ओरडते, "या, आत या!" रविवारीसुद्धा. मग हातातलं काम तसंच ठेवून वरच्या मजल्याकडे कान लावून उभी राहते, बराच वेळ.